पाठ टेकल्यानंतरचा खेळ

मागच्या पावसाळ्यात मी आबांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. दोन जण गादीवर. एक उभा, आणि दुसरा त्याच्यासमोर स्वतःहून पाठीवर गेलेला. त्याचे दोन्ही तळवे उभ्या माणसाच्या कमरेवर आणि हातात त्याच्या बाह्या घट्ट धरलेल्या. आबांनी चष्मा वर सरकवला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "हा पडला कामून?"

"पडला नाही आबा, मुद्दाम बसला. याला गार्ड म्हणतात."

"पाठ लागली ना त्याची?"

"लागली."

"मग संपली की कुस्ती. आता काय करून राहिला हा?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. आबा स्वतः तेव्हा खाटेवर पाठीवर पडून होते. न्यूमोनियातून बरे होऊन तीन आठवडे झाले होते, पण पायांतली ताकद गेली होती. कुणी व्यायामाचं नाव काढलं की ते म्हणायचे, "पाठ लागली आता माझी. राहू द्या." तरुणपणी जालना जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये कुस्त्या केलेला माणूस हे वाक्य सहज बोलत नाही. त्या वाक्याच्या मागे निदान नऊशे वर्षांचा नियम आहे. तो नियम कुठून आला, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला काही लोकांनी तो मोडून नवा खेळ कसा उभा केला, हे शोधायला मी त्या रात्री बसलो. आबांना उत्तर द्यायचं होतं, आणि थोडं मलाही हवं होतं.

तीन वर्षांची सुट्टी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पुण्यात नोकरीला असताना दोन वर्षं ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकलो. २०२२ मध्ये आबा अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी वर्क फ्रॉम होम घेऊन जालन्याला आलो. महिनाभरासाठी आलो होतो, तीन वर्षं राहिलो. या काळात खेळ पूर्ण बंद होता.

परत सुरू केलं ते गावातल्या एका तालमीत. तिथे लाल मातीचा हौदा आहे आणि शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये गादी. वस्तादांनी दुपारची वेळ दिली आणि जोडीला दोन पोरं दिली. पोरांना जिउ-जित्सूची काहीच माहिती नव्हती, पण कुस्ती पोटात होती. पहिल्या दिवशी मी ऐटीत पाठीवर बसलो, पाय पुढे केले आणि म्हणालो, "या आता." सतरा वर्षांच्या पोराने माझे दोन्ही पाय एका हाताने बाजूला सारले आणि छातीवर येऊन बसला. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

यालाच ओपन गार्ड म्हणतात. म्हणजे माझ्याकडून झालं ते नव्हे, जे व्हायला हवं होतं ते. खालच्या माणसाने वरच्याच्या कमरेभोवती पायांची मिठी मारून घोटे अडकवले, तर तो क्लोज्ड गार्ड. घोटे सुटे ठेवून तळवे, नडग्या, गुडघे आणि हातांची पकड यांच्या जोरावर वरच्याला रोखलं, त्याचा तोल बिघडवला आणि उलटवलं, तर तो ओपन गार्ड. मिठी सुटल्यावर हाच एक आधार उरतो. मला डावांची नावं सगळी आठवत होती. शरीराला मात्र एकही आठवत नव्हता. तीन वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला कोड उघडावा आणि तो दुसऱ्याच कुणीतरी लिहिलाय असं वाटावं, तसं झालं.

पाठ आणि अब्रू

आधी आपल्याकडचा नियम बघू. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. या ग्रंथात 'मल्लविनोद' नावाचं प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी कशी करायची, त्यांना खायला काय द्यायचं, सराव कसा करून घ्यायचा, हे सगळं त्यात येतं. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी कुस्ती हा राजाश्रय असलेला आणि शास्त्र म्हणून लिहून ठेवलेला खेळ होता.

परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगतात: हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती आणि जरासंधी. हनुमंती युक्तीची, भीमसेनी ताकदीची. जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्याला पकडीत जखडून शरण आणायचं आणि जरासंधीत थेट हातपाय मोडायचे. नावं पुराणांतली आहेत, पण विभागणी विचार करायला लावते. जखडून शरण आणणं आणि सांधा पिळणं हे आपल्याला ठाऊक होतं. जिउ-जित्सूत नेमकं हेच चालतं. मग ते आपल्या आखाड्यातून गेलं कुठे?

माझं उत्तर असं: खेळ लोकांसमोर आला तसा निकाल लांबून दिसायला हवा झाला. जत्रेत हजारो माणसं गोल करून बसलेली असतात. मनगट पिळलं गेलंय का, हे शेवटच्या रांगेतल्याला दिसत नाही. पाठ मातीला लागली हे मात्र सगळ्यांना दिसतं. उठल्यावर पाठीवरची लाल माती निकाल सांगते, पंचाने तोंड उघडायची गरज उरत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये खुलं झालं. त्याची रचनाच अशी आहे की मधला हौदा चारही बाजूंनी दिसावा. अशा ठिकाणी चीतपट हाच सर्वांत स्वच्छ निकाल.

पुढे तो नियम भाषेत उतरला. आस्मान दाखवणे, चारीमुंड्या चीत करणे, लोळवणे, पाठ लागणे हे शब्दप्रयोग आपण निवडणुकीत, क्रिकेटमध्ये, ऑफिसातही वापरतो. जो आकाशाकडे तोंड करून पडला तो हरला, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. म्हणून कुस्तीगीर खाली गेलाच तर पोटावर जातो. वरचा सवारी घेतो, घिस्सा मारतो, मोळी बांधायला बघतो, आणि खालचा काही झालं तरी पाठ फिरू देत नाही.

यातून कधीकधी विचित्र प्रसंग घडतात. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पहिलवानासमोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को उभा राहिला. गामाने लवकरच त्याला खाली घेतलं. त्यानंतर झिबिस्को गादीला चिकटून बसला तो बसलाच. कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सोडावी लागली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं होतं, तेव्हा तो आलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत त्याला चीत केलं. पाठ लागणं हीच हार असेल, तर पाठ लपवून अडीच तास पडून राहणं हाही डाव ठरतो. नियम बदलला की डाव बदलतो. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जपानी शाळेतली पोरं

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही शाळा काढली आणि जुन्या जुजुत्सूच्या घराण्यांतून निवडक डाव घेऊन ज्युदो घडवला. त्यातही समोरच्याला जोरात आणि नीट पाठीवर फेकलं की पूर्ण गुण, लढत संपली. आबांना हा नियम लगेच पटला असता.

पण त्याच जपानमध्ये एक आडवाट निघाली. १९१४ पासून क्योतो इम्पीरियल युनिव्हर्सिटीने उच्च माध्यमिक शाळांच्या ज्युदो स्पर्धा भरवायला सुरुवात केली. त्या कोसेन ज्युदो म्हणून ओळखल्या जातात. या सांघिक स्पर्धांच्या नियमांत लढत थेट जमिनीवर नेण्याची मुभा होती, आणि जमिनीवर कितीही वेळ लढता येत असे. शाळेतल्या पोरांकडे तयारीला तीनच वर्षं. उभ्याने फेकण्याची कला अंगात मुरायला दहा वर्षं लागतात. जमिनीवरचं काम त्या मानाने लवकर शिकता येतं, आणि तिथे ताकदवान माणसालाही अडवून ठेवता येतं. मग शाळांनी तिकडेच लक्ष दिलं. खालून पायांचा त्रिकोण करून मान आवळण्याची जी पकड आज ट्रँगल म्हणून जगभर शिकवतात, ती याच वातावरणात घडली आणि वाढली. पुढे कोदोकानने नियम बदलून उभ्या लढतीला झुकतं माप दिलं, पण तोवर ज्ञान तयार झालं होतं.

मला यातली एक गोष्ट फार जवळची वाटली. पाठीवरचा खेळ वाढवणारे लोक ताकदवान नव्हते, त्यांच्याकडे वेळ कमी होता. तिशीला टेकलेल्या, दिवसाचे नऊ तास लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाला याहून मोठा दिलासा काय हवा?

बेलेंचा बंदर आणि रिओचं मैदान

कोदोकानचा एक पठ्ठ्या, मित्सुयो माएदा, जन्म १८७८, १९०४ मध्ये जपानबाहेर पडला. अमेरिका, युरोप, मेक्सिको, क्यूबा असं फिरत, पैसे लावून कुस्त्या खेळत तो १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलें शहरात स्थिरावला. तिथे १९१७ च्या सुमारास कार्लोस ग्रेसी हा किशोरवयीन मुलगा ही विद्या शिकू लागला. १९२५ मध्ये ग्रेसी भावांनी रिओ दी जानेरोत स्वतःची शाळा काढली.

इंटरनेटवर एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ होता, म्हणून त्याने तरफेचा वापर करून गार्ड शोधून काढला. गोष्ट छान आहे, पण अर्धीच खरी. पाठीवरून लढणं ज्युदोत आधीपासून होतं, हे आपण आत्ताच पाहिलं. ग्रेसींनी वेगळी गोष्ट केली. त्यांच्या खुल्या लढतींमध्ये पाठ टेकली म्हणून कुणी हरत नसे. हार दोनच प्रकारे व्हायची, शरण आल्यावर किंवा लढणं अशक्य झाल्यावर. नियम बदलला आणि त्यासोबत पाठीचा अर्थही बदलला. जिथे लढत संपत होती, तिथे आता ती रेंगाळू लागली, आणि रेंगाळणाऱ्या त्या वेळात खालच्या माणसाला विचार करायला जागा मिळाली.

याचा सगळ्यात चांगला पुरावा बराच नंतरचा आहे. १६ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेत यूएफसीच्या चौथ्या स्पर्धेची अंतिम लढत झाली. डॅन सेव्हर्न हा नावाजलेला अमेरिकी कुस्तीगीर, वजन सव्वाशे किलोच्या घरात. समोर हेलिओचा मुलगा रॉयस, साधारण ८० किलोचा. सेव्हर्नने त्याला खाली घेतलं आणि जवळपास पंधरा मिनिटं वर बसून राहिला. आबांच्या हिशेबाने कुस्ती पहिल्याच मिनिटात संपली होती. सोळाव्या मिनिटाला रॉयसने खालूनच पायांचा त्रिकोण आवळला आणि सेव्हर्न शरण आला. त्रिकोण तोच, जपानी शाळकरी पोरांचा.

एक बंदी, दोन वाटा

आता ज्या धाग्यामुळे मी त्या रात्री तीन वाजेपर्यंत जागा राहिलो, त्याकडे येतो.

१९४५ मध्ये जपान युद्ध हरला. ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाच्या काळात शाळांमधल्या ज्युदोसह सगळ्या युद्धकलांवर बंदी आली. शाळेतला ज्युदो परत सुरू व्हायला १९५० उजाडलं. ज्यांचं आयुष्यच ज्युदोत गेलं होतं, त्यांना दुसरी वाट शोधणं भाग पडलं.

त्यांतला एक मासाहिको किमुरा. त्या पिढीतला सर्वांत मोठा ज्युदोका. तो पैशांसाठी लढू लागला आणि फिरत फिरत ब्राझीलला गेला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये तो हेलिओ ग्रेसीशी लढला. किमुराने हेलिओचा हात मागे पिळला, हाड मोडलं, तरी हेलिओ शरण येईना. शेवटी भाऊ कार्लोसने टॉवेल फेकला. ब्राझीलच्या लोकांनी त्या पकडीला जिंकणाऱ्याचंच नाव दिलं. आजही जगातल्या प्रत्येक जिउ-जित्सूच्या वर्गात 'किमुरा' शिकवतात.

दुसरा शोहाची इशी. तोही मूळचा ज्युदोचा. बंदीनंतर तो फ्रीस्टाइल कुस्तीकडे वळला. किमुराच्या त्या लढतीनंतर नऊ महिन्यांनी, जुलै १९५२ मध्ये, तो हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात उतरला आणि सुवर्णपदक जिंकून गेला. कुस्तीत जपानचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

आणि त्याच गटात कांस्यपदक कुणाला मिळालं? सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा त्या स्पर्धेत इशीशी लढले आणि हरले.

म्हणजे एकाच बंदीने एका जपान्याला माराकानावर नेलं, जिथे पाठ लागली तरी लढत चालू राहते. दुसऱ्याला हेलसिंकीच्या गादीवर नेलं, जिथे आपला मराठी पहिलवान उभा होता आणि पाठ लागली की सगळं संपतं. दोन्ही खेळ तिथे एकमेकांच्या किती जवळून गेले! वर्षाच्या आत, एकाच घराण्याच्या दोन माणसांमार्फत, एक आपल्याशी भिडला आणि दुसरा ग्रेसींशी. शाळेत खाशाबांचा धडा वाचला होता, त्यात इशीचं नाव होतं की नाही हेही मला आठवत नाही.

खाशाबांची चार वर्षं

खाशाबांच्या गोष्टीत पदकापेक्षा मला त्याआधीची चार वर्षं महत्त्वाची वाटतात. १९४८ मध्ये ते लंडन ऑलिंपिकला गेले, फ्लायवेट गटात सहावे आले. त्यांची घडण मातीतली. माती पाय धरून ठेवते, गादी घसरवते. मातीत कुस्ती निकालापर्यंत चालते, गादीवर घड्याळ आणि गुण असतात. मातीत अर्धवट पाठ वळली तर काही बिघडत नाही. गादीवर तेवढ्यावरच गुण जातात. एवढी वर्षं अंगात मुरलेल्या सवयींपैकी कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या मोडायच्या, हे त्यांना ठरवावं लागलं असणार.

आणि हे सगळं पैशांची चणचण असताना. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. वर्गणी वेगळी. पदक घेऊन आलेल्या माणसाला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० मध्ये, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

मी माझी तुलना खाशाबांशी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण पाया पुन्हा घालणं म्हणजे काय, हे मला त्यांच्या चार वर्षांतून समजलं. नवीन डाव शिकणं त्यात सगळ्यात शेवटी येतं. आधी आपण न कळत काय करतोय, ते पकडावं लागतं.

वस्तादांनी पकडलेली चूक

माझी चूक मला जिउ-जित्सूच्या कुठल्याही व्हिडिओने दाखवली नाही. महिनाभर मी रोज नवीन गार्ड शोधत होतो. १९८० च्या दशकात रिओत रिकार्डो दे ला रिव्हा या खेळाडूने वरच्याच्या पायाला बाहेरून आपला पाय गुंडाळण्याची पद्धत रूढ केली, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती करून बघितली. बाह्या ओढत दंडांवर तळवे लावणारा स्पायडर गार्ड करून बघितला. पोरं तरीही वरून जात होती.

एक दिवस वस्ताद शेडमध्ये येऊन बसले. पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "तुझे पाय बरोबर आहेत. पाठ चुकती आहे."

"पाठ तर खालीच असते ना वस्ताद?"

"खाली असती, पण तुझी सपाट लागती. दोन्ही खांदे टेकवून पडतो तू. म्हणून तुला हलता येत नाही. आमच्याकडं त्यालाच चीत म्हणतात."

मी उठून बसलो. पुण्यातल्या पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं: सपाट पडू नका, एका कुशीवर राहा, कंबर मोकळी ठेवा, समोरच्याकडे तिरपे वळा. तीन वर्षांत मी हे विसरलो होतो. आणि आठवण करून दिली अशा माणसाने, ज्याने आयुष्यात गार्ड हा शब्द ऐकला नव्हता.

तेव्हा लक्षात आलं की आबांचं म्हणणं मी समजत होतो तितकं चूक नव्हतं. दोन्ही खांदे सपाट टेकले की माणूस अडकतो, हे कुस्तीलाही माहीत आहे आणि जिउ-जित्सूलाही. तिथवर दोघांचं एकमत आहे. फरक पुढे आहे. कुस्ती म्हणते, इथे थांबा. जिउ-जित्सू म्हणते, इथून कुशीवर वळा.

त्यानंतर मी तीनच गोष्टी धरल्या. पहिली, कंबर: पाठ सपाट लागली की डाव सोडून आधी कुशीवर यायचं. दुसरी, पकड: दोन हात आणि दोन पाय अशी चार टोकं, त्यांतली किमान तीन कायम समोरच्याला जोडलेली असली पाहिजेत. एक सुटलं की दुसरं काही करण्याआधी ते परत जोडायचं. तिसरी, अंतर: तो जवळ आला तर गुडघा मध्ये, लांब गेला तर तळवा कमरेवर, आणि पाय आणि छाती यांच्यामधली जागा कधीही त्याला द्यायची नाही. उलटवणं वगैरे नंतर. दोन महिने मी एकही स्वीप करायचा प्रयत्न केला नाही. फक्त टिकून राहिलो. आता दहापैकी चार वेळा पोरं वरून जात नाहीत. एक पोरगा तर हल्ली स्वतःच विचारतो, "दादा, आज मी खाली बसू का?"

जालना, १९६१ आणि २०१८

पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८१ उजाडलं. आबा तेव्हा वीस वर्षांचे. त्यांना बघायला जायचं होतं, घरून सोडलं नाही. ही खंत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये ही स्पर्धा जालन्यालाच आली. सत्याहत्तर वर्षांचे आबा बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. अंतिम कुस्ती बाला रफिक शेख आणि आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके यांच्यात झाली. बाला रफिक मातीच्या गटातून आलेला, कटके गादीच्या. ११-३ अशा गुणांनी बाला रफिक जिंकला आणि मानाची गदा त्याच्या खांद्यावर आली. आबा घरी येऊन म्हणाले, "मातीतलं पोरगं गादीवर जिंकलं." निकालाइतकाच त्यांना याचा आनंद होता. चीतपट झाली नाही, गुणांवर निकाल लागला, याबद्दल मात्र एक अवाक्षर नाही. म्हणजे नियम बदलतात आणि कुस्ती कुस्तीच राहते, हे त्यांनी तेव्हाच मान्य केलं होतं.

हा मुद्दा मी त्यांच्यासमोर मांडला. तोवर पावसाळा संपला होता, पण आबांचं खाटेवरून उठणं अजून आमच्या आधारानेच व्हायचं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी दोन व्यायाम दिले होते. गुडघे दुमडून, तळवे गादीत रोवून कंबर उचलायची, आणि मग गुडघे एका बाजूला नेत कुशीवर वळायचं. आबा ते करत नव्हते. आजाऱ्याचे व्यायाम म्हणून त्यांना त्यांची लाज वाटायची.

मी खाली सतरंजीवर पडलो आणि तेच दोन व्यायाम करून दाखवले. म्हणालो, "आबा, आमच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कंबर उचलायची आणि कुशीवर यायचं. वरून माणूस बसलेला असतो तेव्हा."

"वरून माणूस?"

"हो. शंभर किलोचा."

त्यांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं. मग गुडघे दुमडले. कंबर दोन बोटं वर गेली असेल, खाली आली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा कुशीवर वळायला गेले आणि अर्ध्यात अडकले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "थांब. हात लावू नको."

वळायला त्यांना बराच वेळ लागला. भिंतीकडे तोंड करून, धाप लागलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "आता याच्या पुढचा डाव काय आहे?"